बुधवारपर्यंत टिकेल

—छे, उशीर कसला मिसेस ओल्डरॉइड, शनिवार लोकांना भेटण्याचाच वार. येईलच विल्फ. बँडवाल्यांची बक्षिसं वाटायला गेलाय, आणि तिथं कुणी भिंतीची ओल दाखवली असेल तर संपलंच! अकरा वर्षं खासदार आहे, पण इंजिनियरची खोड जाते का? नाही जात. चहा घ्या. मला साखर नको, ईस्टरपर्यंत सोडलीय. कशासाठी? सांगू नये म्हणतात... त्याला मंत्रिपद मिळावं म्हणून. हसू नका हो, धाकटंच, उपमंत्रिपद! पण चॅपेलमध्ये गुडघे टेकले की तेवढंच तोंडात येतं. आता बुधवारी मतदान — तो धरणांच्या तपासणीचा कायदा, तोच. पक्षाचा कागद आलाय, खाली तीन रेघा मारलेला. तीन रेघा म्हणजे मोडायची सोय नाही. विरोधात मत द्यायचं, तोवर धरणाचं नाव काढायचं नाही. ज्यानं आपलं वरचं धरण उभं केलं, त्यानंच तपासणी नको म्हणायचं? मीही म्हटलं तसं. जेवला नाही त्या दिवशी — यॉर्कशरचा माणूस, आणि रविवारचं मटण तसंच राहिलं, काय समजायचं? चॅपेल सुटलं की धरणाच्या पायथ्याशी जातो, पाझराचं पाणी बाटलीत भरून आणतो, उजेडात ठेवतो. पाझर असतोच हो, मातीचं धरण! नितळ असला की काळजी नाही, तोच सांगतो. गढूळ झाला तर आतली माती वाहतेय...

काय? ती खिडकीतली बाटली? नाही, चहा नाही तो. पाणीच आहे. मागच्या रविवारचं.

अहो, कप सांभाळा... ठाऊक आहे मला, तुमची डोरीन धरणाखालच्या घरांत राहते, दोन लेकरं घेऊन. विचारलं मी त्याला. म्हणाला, 'बुधवारपर्यंत टिकेल, हिल्डा.' टिकेल म्हणाला — मोजलंय म्हणाला नाही. तीस वर्षं संसार केला, हा माणूस अंदाजानं बोललेला पहिल्यांदा ऐकला. आणि मी काय केलं? साखर सोडली.

थांबू नका त्याच्यासाठी. फोन दाराशीच आहे — आधी डोरीन, मग पोलीस. कुणी सांगितलं विचारतील, तर माझं नाव सांगा. हो, खासदाराच्या बायकोनं म्हणा. मंत्रिपद गेलं तर गेलं, देव घेईल बघून... लागला का? वाजतोय?

उचलला? बोला, बाई, बोला तुम्ही. मी गप्प बसते.