उडत्या शहराकडे माझी पाठ

आणि वर मलाच विचारतात हो, ‘काय दाक्षायणी, कसा होता सिनेमा?’ कसा होता म्हणजे? मला काय विचारता? माझ्या रंभाआत्याला विचारा, शेजारच्या मथुराबाईंना विचारा, तंबूबाहेर बांधलेल्या त्या बैलाला विचारा, फटीतून त्यानंसुद्धा माझ्यापेक्षा जास्त पाहिला असेल! मी तंबूत होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत होते, अगदी पडद्याच्या पुढ्यात होते, आणि मी सिनेमा पाहिला नाही! का? कारण मला इंग्रजी येतं!

हसू नका. तुम्हाला सांगते, हसण्यासारखं नाही ते. म्हणजे आहे, पण माझ्यासाठी नाही.

गड्ड्याच्या जत्रेत सिनेमाचा तंबू आला आणि जाहिरातीचा छकडा आमच्या गल्लीतून गेला. पुढे ताशा, मागे ही एवढी रंगवलेली पाटी. काय पाटी ती! शंभर वर्षांनंतरचं शहर, आणि तेही आकाशात! खाली ढग, ढगांवर माड्यांवर माड्या, या घरातून त्या घरात पूल, पुलांवरून आगगाड्या, आणि सगळ्यांत उंच खिडकीतून एक बाई वाकून चक्क चंद्राला हात लावते आहे! मी ती पाटी दारातून पाहिली, मग खिडकीतून पाहिली, मग गच्चीवर जाऊन छकडा वळेपर्यंत पाहिली. मला काही फार नको होतं हो. ते शहर हलताना बघायचं आणि त्या बाईचा हात चंद्राला लागताना बघायचा. एवढंच!

पण मागायचं कसं? शाळेत मी उत्तर देते ते ऐकायला आमच्या बाईंना टेबल सोडून माझ्या बाकापर्यंत यावं लागतं. अशी मी, आणि आमच्या आप्पांना, म्हणजे वडिलांना, ‘मला सिनेमाला जायचंय’ असं सांगणार? मी नुसतीच त्यांच्यासमोरून चार वेळा गेले. त्यांनी विचारलं, ‘पोट दुखतंय का?’

बरं तर बरं, जत्रेला म्हणून मोहोळहून रंभाआत्या आली होती. आत्या आप्पांची थोरली बहीण, तिच्यापुढे आप्पांचं काही चालत नाही. ती म्हणाली, ‘आरं आप्पा, पोरगी इंग्रजी शिकतीय न्हवं? शिनिमातली मानसं बोलत न्हाईत, पडद्यावर इंग्रजी अक्षरं येत्यात म्हनं. ती वाचंल, आमी ऐकू. तिचा अभ्यास हुईल, आमचा शिनिमा हुईल.’ अभ्यास म्हटल्यावर आप्पा विरघळलेच. ‘एकदाच हं,’ म्हणाले, ‘पुन्हा सिनेमाचं नाव काढायचं नाही.’ मी इतकी खूश, इतकी खूश, की मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं बाई मला इंग्रजी येतं!

गेलो. तंबूच्या मधोमध पडदा. त्या बाजूला पुरुष, या बाजूला बायका. चित्र पडणार पुरुषांच्या बाजूनं, आणि आम्ही ते पडद्याच्या पाठीमागून बघणार. ते आमच्या बाजूलाही नीट उमटावं म्हणून एक माणूस शिडीवर चढून पडदा भिजवत होता. मथुराबाई भुईमुगाच्या शेंगांनी ओचा भरून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, ‘बघा की, आमच्या आडाला पानी न्हाय, आन् हितं धडुत्याला आंगुळ!’ पुरुषांच्या बाजूला एक मास्तर छडी घेऊन सगळं समजावून सांगायला उभा होता म्हणे. आमच्या बाजूला कोण होतं? दिव्याला वीज देणारं इंजिन! भक् भक् भक् भक्… त्यातून मास्तरांचं फक्त ‘हां, तर मंडळी’ एवढंच ऐकू यायचं. तर मंडळी काय, ते इंजिनाच्या पोटात!

अंधार झाला. पेटी वाजू लागली. आणि ढग फाटले… आणि ते शहर वर आलं! अहो, खरंच हललं! एक आगगाडी पुलावर शिरली, आता ती या टोकाला येणार, येणार, येणार… आणि खटकन् काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं.

‘वाच,’ आत्या म्हणाली.

मी बघते तर अक्षरं सगळी उलटी! पाठीमागून बघत होतो ना आम्ही! डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे, आणि मी ते मनातल्या मनात सरळ करेपर्यंत अक्षरं गायब.

‘उलटं आहे, आत्या.’

‘मग सुलटं कर की! चार वर्सं शाळंत काय करतीयास?’

मागून मथुराबाई, ‘नुसत्या दौती सांडल्या असतील.’

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. गप्प बसणं हे एक तर मला उत्तम जमतं! पण नाही. मी म्हणाले, ‘आरशात धरलं तर सरळ दिसेल.’ आणि गंमत बघा, आयुष्यात पहिल्यांदा माझं वाक्य पहिल्या फटक्यात सगळ्यांना ऐकू गेलं. इंजिन चालू असताना!

‘आरसा! आरसा बघा गं कुनाकडं!’ झालं. मदिनाबी, बांगड्या विकून टोपलीसकट सिनेमाला आलेली, तिच्या टोपलीत आरसे नसतील तर कुठे असतील? बांगडीएवढा गोल आरसा बायकांच्या डोक्यांवरून हातोहात माझ्यापर्यंत आला. ‘ले बेटी,’ ती मागून ओरडली, ‘पर तोडना नको!’ आणि दोघींनी मला धरून पुढे नेलं, पडद्याशी बसवलं. तोंड बायकांकडे. पाठ शहराकडे!

कळलं ना तुम्हाला? आरशात वाचायचं म्हणजे पाठ करूनच बसावं लागतं! इतक्या बायका माझ्याकडे बघतायत, म्हणजे माझ्या डोक्यावरून बघतायत, आणि मला ते शहर दिसतंय आरशात, केवढं? उडदाएवढं! त्यात आगगाडी म्हणजे मुंगी. का? कारण मला इंग्रजी येतं!

‘मोठ्यानं!’ आत्या ओरडायची. मी ओरडायचे. ‘म्हातारा शास्त्रज्ञ म्हणतो, हे शहर मी यंत्रावर उचलून धरलं आहे!’ ‘व्हय व्हय, पुढं!’ ‘त्याची मुलगी म्हणते, बाबा, मला खाली जमीन बघायची आहे!’ आणि मथुराबाईंचे प्रश्न वेगळेच. ‘आगं, तितं पानी कोन भरतं इच्यार.’ कुणाला विचारू? ‘धुनं वाळत घालत असतील तर लुगडं उडून थेट तुळजापुरात पडंल की!’ आणि सगळ्या बायका खो खो हसतायत, आणि त्यांच्या तोंडांवर पडद्याचा उजेड नाचतोय, आणि मध्येच सगळ्यांचे डोळे एकदम मोठे होतायत, म्हणजे माझ्या पाठीमागे काहीतरी अफाट घडतंय… काय घडतंय? मथुराबाईंचा शेंग सोलणारा हात थांबला की समजायचं, मोठं काहीतरी! मी त्या हातावर सिनेमा बघत होते हो!

शेवटी मी ठरवलं, बस्स. आता बघायचं आणि काहीतरी ठोकून द्यायचं. यांना कुठे कळतंय! मी वळले. अक्षरं आली तशी बघितलीसुद्धा नाहीत. एक मिशीवाला इंजिनियर त्या मुलीशी बोलत होता. मी म्हटलं, ‘तो म्हणतो, ताई, मी तुझा लहानपणी हरवलेला भाऊ आहे.’

‘आगं बया!’ बायका पाघळल्या. दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावले. आणि मी शहर बघतेय, मोठ्ठं शहर, दिवे लागलेलं… एवढ्यात त्या मेल्यानं खिशातून अंगठी काढून तिच्या बोटात घातली!

‘भाऊबीज!’ आत्या गहिवरून म्हणाली. ‘भाऊबीज घालतोय गं लेकरू!’

वाचले, म्हटलं. कुठली वाचते? पुढच्याच चित्रात दोघं देवळासारख्या जागी, हातात हात, पुढे पाद्री, तिच्या डोक्यावर पांढरं कापड, वरून फुलं! डोळ्यांना लावलेले पदर खाली आले. इंजिनसुद्धा थांबल्यासारखं वाटलं मला.

‘दाक्षे,’ आत्या म्हणाली, ‘ह्ये काय चाललंय?’

‘लग्न…’

‘भावाभैनीचं?’

‘तो… मघाशी चुकून म्हणाला होता. नंतर त्यानं सांगितलं, मी भाऊ नाही म्हणून.’

‘कवा सांगितलं?’ मथुराबाई उठूनच उभ्या राहिल्या. ‘समदं आमच्या डोळ्यांसमूर हाय, त्येनं तोंड उघडलंच न्हाई!’ मागून मदिनाबी, ‘झूट बोलती गे छोकरी! आइना पकड!’ आणि आत्यानं खांदे धरून मला भोवऱ्यासारखी फिरवली. पुन्हा तोंड बायकांकडे, पाठ शहराकडे.

मग मी मुकाट वाचत राहिले. काय करणार? यंत्र बिघडलं, वाचलं. शहर कलायला लागलं, वाचलं. बायका डावीकडे झुकल्या म्हणून मलाही कळलं की शहर डावीकडे कलतंय. आणि मग मथुराबाईंच्या हातून शेंग पडली. पडली, आणि त्यांनी ती उचलली नाही! आत्यानं दोन्ही हात गालांवर ठेवले. मदिनाबी म्हणाली, ‘चांद!’

चंद्र! माझा चंद्र! ती बाई! मी आरसा वर धरला, डोळ्यांपाशी आणला… आणि आरशात नुसतं धुकं! थंडीचे दिवस, त्यात मघापासून मी आरशावर तोंड घालून ओरडतेय, माझ्याच वाफेनं धुरकटला! पुसला, परकराला पुसला, आणखी पुसला… बघते तर चंद्र होता, खिडकी होती, बाई होती, आणि तिचा हात परत आत गेला होता!

‘लागला गं, हात लागला!’ बायका नाचायला लागल्या. ‘कसा गार लागला आसंल!’

मग मात्र माझं डोकं फिरलं. तुम्हाला सांगते, मी कधी कुणाला उलटून बोलत नाही, पण मी तो आरसा मदिनाबीच्या टोपलीकडे परत धाडला, उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘आता मला इंग्रजी येत नाही!’ आणि वळले. नीट, परकर सावरून, दोन्ही डोळे उघडून, त्या एवढ्या मोठ्या पडद्याकडे तोंड करून उभी राहिले.

काळा पडदा. त्यावर दोन पांढरे शब्द. उलटे. मोठे, ठसठशीत, आरशाशिवायसुद्धा कळणारे.

‘काय म्हनतोय गं?’ आत्यानं मागून लाडीगोडीनं विचारलं.

‘संपलं म्हणतोय.’

मथुराबाई टरफलं झटकत उठल्या. ‘ह्ये सांगाया इंग्रजी कशाला लागतंय? दिवं लागलं की!’