नावातले स्वर

ग्रीट : परत चुकलात, पापा. सूर असे आहेत: सोल, रे, मी आणि मग खाली, रे. तुम्ही दर वेळी वर जाता. फा.

ओमेर : घसाच तिकडे जातो, त्याला मी काय करू? चाळीस वर्षं या चर्चमध्ये गातोय. जुन्या रचना मला शिकवू नकोस.

ग्रीट : ही जुनी नाही. मी लिहिलीय, गेल्या हिवाळ्यात.

ओमेर : वाटते मात्र पाचशे वर्षांची. बाकीची मंडळी कशी तरंगतात, एकमेकांत विरघळतात, बाहेर कालव्यावर धुकं पसरलंय ना, तशी. डोळे मिटले की आपण कुठल्या काळात आहोत तेच कळत नाही. आणि माझ्या वाट्याला काय, तर चार सूर! तेच ते, लांबच लांब. म्हातारे झालात, असं तोंडावर तरी सांगायचंस.

ग्रीट : रुसलात?

ओमेर : संध्याकाळी दुसऱ्या कुणाला उभं कर. मी आपला खाली बसून ऐकेन.

ग्रीट : अख्खं ब्रुज येणारय आज. पण ते चार सूर तुम्ही गाणार नसाल, तर कार्यक्रमच होणार नाही.

ओमेर : का? सोनं लागलंय त्यांना?

ग्रीट : आपल्याकडचे जुने संगीतकार राजाला खूश करायला काय करायचे? लहानपणी तुम्हीच सांगितलं होतंत.

ओमेर : त्याच्या नावातले स्वर उचलायचे. ओ असेल तिथे सोल, ए तिथे रे, इ तिथे मी, आ तिथे फा. झाली चाल! गायक राजाचंच नाव आळवतायत आणि राजाला पत्ताही नाही. पण तुला कुठला राजा भेटला... (थांबतो.) सोल, रे, मी, रे. ओ, ए, इ, ए.

ग्रीट : आईला जाऊन दोन वर्षं झाली. तुम्ही एकदाही तिचं नाव घेतलं नाहीत. 'ती' म्हणता, 'तुझी आई' म्हणता. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, पापा. म्हटलं, बोलवत नसेल तर निदान गातील.

ओमेर : गो-दे-ली-वे.

ग्रीट : हो.

ओमेर : चुकलंय.

ग्रीट : काय चुकलंय? तिच्या थडग्याच्या दगडावर हेच कोरलंय.

ओमेर : दगडावर असेल. तू शाळेत गेलीस की मी जिन्याखालून हाक मारायचो. बाईसाहेब वर खिडकीत, स्वतःच्याच तंद्रीत. पहिल्या हाकेला कधी आल्या नाहीत. मग मी शेवट लांबवायचो, वर चढवायचो. गोदेलीवाऽऽ.

ग्रीट : वा... आ. फा!

ओमेर : बघ. घशाला माहीत होतं.

ग्रीट : पेन्सिल कुठे गेली माझी... थांबा, बदलते. तो फा किती वेळ धरायचा, पापा?

ओमेर : ती 'ओ' देईपर्यंत.