कोरडी टाकी

(इस्सिक-कुल सरोवराचा उत्तर काठ. अंगणात नमद्याच्या तंबूचं सामान उतरवून ठेवलेलं. बेर्मेत आणि तिचा धाकटा दीर तोक्तोसुन.)

बेर्मेत : तर मग ज्या ट्रकमधून आणलंत, त्याच ट्रकमध्ये घाला परत. माझ्या अंगणात सुतकाचा तंबू उभा राहणार नाही.

तोक्तोसुन : वहिनी, शोधणारी माणसं परत गेली. उद्या सकाळपासून गाव यायला लागेल. त्यांना बसवू कुठं?

बेर्मेत : येऊ देत की. चहा देईन. तुमचे भाऊ कुठं गेले विचारलं, तर सांगेन पाण्यावर गेलेत. खोटं आहे?

तोक्तोसुन : खोटं नाही... पण होडी सापडली ना. पलीकडच्या काठाला, वाळूत रुतलेली. शीड फाटून लोंबत होतं.

बेर्मेत : म्हणजे पोचली पलीकडं. उतरून बसले असतील कुणा मेंढपाळाकडे घोडीच्या दुधाचं कुमीस पीत. मागे नव्हतं केलं? लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. सासूबाई इथं डोळे फोडून रडतायत, आणि हे आले घोड्यावर बसून. घोडा उसना!

तोक्तोसुन : मी होतो ना मागं बसलेला. सरोवराच्या मधोमध इंजिन बंद पडलं होतं. वारा नाही, काही नाही. दादा म्हणाला, ‘तोक्तो, आता हिची मनधरणी करायची.’

बेर्मेत : माझी कधी केली नाही. इंजिनाला मात्र ‘बाई गं, चल गं.’

तोक्तोसुन : गवत कापायच्या यंत्राचं इंजिन ते, वहिनी! होडीत बसवलं तेव्हा अख्खं बंदर हसलं. हँडल फिरवलं की उलटा झटका. माझं मनगट त्यानंच मोडलं. हे बघा, अजून वाकडं.

बेर्मेत : आणि शीड कुणी शिवलं? जुन्या पॅराशूटचं कापड. सुया मोडल्या, बोटं सोलली. सुट्टीवर आलेले मॉस्कोवाले पांढऱ्या होड्यांतून बघून हसायचे. मग पश्चिमेकडून उलान वारा सुटला की तेच शेपूट घालून बंदराकडे, आणि आपण तिघं सरळ आत.

तोक्तोसुन : तुम्ही गायचात.

बेर्मेत : किंचाळायचे मी! तुम्हा भावांना गाणं वाटायचं. पण काय मजा होती हो. पाय ओले, सगळ्या कपड्यांना डिझेलचा वास, आणि त्याच हातांनी तळलेले बोरसोक खायचे. तसे पुन्हा कधी गोड लागले नाहीत.

तोक्तोसुन : वहिनी, तंबू लावू द्या.

बेर्मेत : आणि आत पडद्यामागं काय निजवणार? देह कुठाय?

तोक्तोसुन : त्याचा कोट ठेवू. मुल्ला म्हणाले, चालतं.

बेर्मेत : कोटासाठी रडू मी? ...भावजी, इंजिनाचं काय झालं?

तोक्तोसुन : काय व्हायचंय. आहे.

बेर्मेत : माझ्याकडे बघून सांगा. होडी सापडली तेव्हा इंजिन बंद केलेलं होतं?

तोक्तोसुन : कशाला आता त्यात...

बेर्मेत : केलेलं होतं का?

तोक्तोसुन : बंद पडलेलं होतं. गिअर तसाच टाकलेला. टाकीत थेंब नव्हता.

बेर्मेत : कोरडी?

तोक्तोसुन : कोरडी.

बेर्मेत : टाकी तळाला गेली की नळीत हवा शिरते, मग इंजिन पुन्हा सुरू होत नाही. म्हणून घरात जेवण राहिलं तरी चालायचं, पण टाकी भरायची राहायची नाही. ते होडीत असते, तर कोरडी होऊच दिली नसती.

तोक्तोसुन : नसती. होडी एकटीच गेली पलीकडं, वहिनी. मला तिथंच कळलं. तुम्हाला सांगायला जीभ रेटेना, म्हणून तंबूच घेऊन आलो.

बेर्मेत : त्या दिवशी मी काठावर होते. उलान सुटला, होडी दिसत होती अजून. मी हाका मारल्या.

तोक्तोसुन : शेजारी सांगत होते.

बेर्मेत : काय हाका मारल्या ते सांगितलं? ‘चाबाक! चाबाक!’ होडीचं नाव. सून म्हणून आले त्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं, नवऱ्याचं नाव तोंडात यायचं नाही. ते आलंच नाही. माणूस जात होता आणि मी होडीला हाका मारत होते, भावजी. नावानं बोलावलं असतं, तर वळून बघितलं असतं त्यांनी.

तोक्तोसुन : नसतं बघितलं.

बेर्मेत : माझी समजूत काढू नका.

तोक्तोसुन : समजूत नाही. इंजिन चालू होतं. मनगट मोडलं तेव्हा मी त्याच्या पाठीशी बसून गुरासारखा ओरडत होतो. इंजिन सुरू झालं म्हणून तो पुढं बघून हसत होता. त्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

बेर्मेत : खरं?

तोक्तोसुन : दादाची शपथ.

बेर्मेत : ...लावा तंबू. दार पाण्याकडं नको, वारा आत घुसतो.

तोक्तोसुन : बरं.

बेर्मेत : उद्या पुरुष माणसं आक्रोश करत तंबूकडे येतील. सगळ्यांत पुढं कोण?

तोक्तोसुन : मीच. सख्खा भाऊ मी.

बेर्मेत : मग ‘दादा’ म्हणू नका. रिवाज राहू दे बाजूला. नाव घेऊन ओरडा. इंजिनाच्या वर जाईल एवढ्यानं ओरडा.