अर्ध्या तासाचा कॅमेरा

माजिवड्याला कोलशेतच्या शेअर रिक्षाची रांग काही हलेना. सान्वीच्या पुढेच एक बहीणभाऊ उभे होते. भाऊ मोबाईलवर जुन्या मिररलेस कॅमेऱ्याचे फोटो दाखवत होता आणि बहिणीचं डोकं तापत चाललेलं.

“प्राप्ती, बघ तरी. जुना असला तरी व्हिडिओ एक नंबर.”

“आणि अर्ध्या तासाने रेकॉर्डिंग आपोआप बंद होतं, ते?”

“जुन्यांत असतंच ते. परत बटण दाबायचं, विषय संपला.”

“जयेश, तू आपल्याकडची लग्नं शूट करणार ना? धवलारीण लग्नविधीचे धवले गायला बसली, की तुझ्या बटणासाठी गाणं थांबवणार आहे?”

“मी बसेन ना बाजूला, बटणावर बोट ठेवून.”

“दिपेशच्या लग्नाला असलाच भाड्याने आणलेलास. आत आजी गात होती, कॅमेरा बंद पडलेला आणि तू बाहेर बेंजोवर नाचत होतास.”

“आल्यावर लगेच चालू केलेला.”

“आणि मधले धवले गेले, त्याचं काय?”

“अगं, किती वेळा तेच तेच? आजी गेली, पण आता मेघाली वहिनी गाते ना. मधले तिच्याकडून गाऊन घेऊ. नव्याने शूट करतो.”

“तिला मधले येत नाहीत.”

“असं कसं? परवाच्या लग्नात तर पूर्ण गायली.”

“तुला काय कळणार पूर्ण नि अर्धं? ती तुझाच तो व्हिडिओ बघून शिकलीय.”