एकवीस नंबरचा डबा

सून – बाबा, बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा पंप बंदच होत नाहीये. जरा थांबतो, मी दहा मोजेपर्यंत पुन्हा सुरू.

सासरे – मीही तेच ऐकत बसलोय. कधीपासून?

सून – सकाळी डबे लावायला घेतले तेव्हापासून. मला वाटलं, तुमच्या अंघोळीचं पाणी असेल.

सासरे – मी दोन तांब्यांत अंघोळ करणारा माणूस. पायाखालची मधली फळी उचल बघू.

सून – उचलली. अगं बाई. बाबा, बोटीच्या तळात वीतभर पाणी आहे.

सासरे – त्यात करंगळी बुडव आणि जिभेला लाव.

सून – शी, काहीतरीच काय.

सासरे – लाव म्हणतो ना.

सून – खारट आहे.

सासरे – म्हणजे आपल्या टाकीतलं नाही, बाहेरचं आहे. घाबरू नकोस. सकाळी कुठले डबे हलवलेस?

सून – ओट्याखालचे. पिठाचा आणि तेलाचा, चिठ्ठी नंबर चौदा आणि पंधरा. नीट बसेनात म्हणून गुडघ्याने आत रेटले.

सासरे – तिथेच घोळ झालाय. भांड्यांचं पाणी बाहेर सोडणारा पाईप मागून जातो. डबे ओढ बाहेर, लवकर.

सून – काढले. पाईप सुटून लोंबतोय. खाली बोटीच्या बुडाला भोक आहे, त्यातून पाणी उसळतंय. अंगठ्याएवढं जाड.

सासरे – भोकावरच कॉक आहे, पितळी दांडीचा. ती दांडी आडवी कर, की भोक बंद.

सून – फिरत नाही.

सासरे – दोन्ही हातांनी.

सून – दोन्ही हातांनीच करतेय. जाम बसलाय, हिरवा पडलाय नुसता. असं कसं झालं? दर महिन्याला तुम्ही पाचही कॉक फिरवता ना? दारामागच्या कागदावर खुणा आहेत तुमच्या.

सासरे – ते नंतर बोलू. तिथेच लाल चिंधीने लाकडी बूच बांधलेलं असेल. ते भोकात ठोक.

सून – नाहीये.

सासरे – नाहीये कसं? तुझ्या सासूने स्वतःच्या हाताने बांधलंय. पाच भोकं, पाच बुचं. आंधळ्यालाही हाताला लागावं म्हणून.

सून – मी सोडली ती, बाबा. गेल्या आठवड्यात. जिथे तिथे लोंबत होती, मला पसारा वाटला. पाचही एका डब्यात ठेवली. एकवीस नंबर.

सासरे – मग आण की तो.

सून – पुढच्या पलंगाखाली आहे. सगळ्यात आत. त्याच्यापुढे नऊ डबे आहेत.

सासरे – अरे देवा.

सून – फळीवरून पाणी वर यायला लागलंय. किनाऱ्यावर कुणाला हाक मारू? होडी तर हे घेऊन गेलेत, संध्याकाळशिवाय यायचे नाहीत. मला पोहता येत नाही. आपण बुडणार का?

सासरे – माझ्याकडे बघ. तळहात भोकावर दाब. अंग टाकून दाब.

सून – दाबला. बोटांमधून येतंय तरी. हात बधिर होतोय.

सासरे – सोडू नकोस. मी जातो पलंगाखाली.

सून – तुमचा गुडघा वाकत नाही. मी रोज बघते, तुम्ही जेवायलासुद्धा स्टुलावरच बसता.

सासरे – गप्प बस, विचार करू दे. गाजरं आहेत का घरात?

सून – गाजरं?

सासरे – आहेत का नाहीत?

सून – आहेत. तीन नंबर, तुमच्या उजव्या हाताशी. वरच्या थरात, जाड डावीकडे आणि बारीक उजवीकडे.

सासरे – हे बघ, पहिल्या फटक्यात मिळालं. डब्यांवरच्या तुझ्या चिठ्ठ्यांना आजपासून हसणार नाही. घे, टोक आत घाल आणि पिळत पिळत दाब.

सून – गेलं अर्धं.

सासरे – हे लाटणं. बेताने ठोक, मोडलं तर संपलं.

सून – बसलं वाटतं. थेंब थेंब गळतंय फक्त.

सासरे – थेंब पंप बघून घेईल. ऊठ, हात पूस.

(पंप बराच वेळ घरघरतो आणि थांबतो. तीस मोजून होतात, साठ मोजून होतात, तो पुन्हा सुरू होत नाही.)

सून – घाबरला होतात तुम्ही?

सासरे – अजून घाबरलोय. तुझ्यासमोर दाखवून चाललं नसतं.

सून – माझीच चूक. काढायच्या आधी एकदा विचारायला हवं होतं.

सासरे – बूच नंतरचं. कॉक फिरला असता तर बुचाची गरजच नव्हती. हिवाळ्यापासून मला खाली बसता येत नाही. तारीख आली की कागदावर खूण करतो. एकही कॉक फिरवलेला नाही.

सून – आम्हाला सांगायचं होतं ना.

सासरे – सांगितलं असतं तर तुझ्या नवऱ्याने मला किनाऱ्यावर खोली घेऊन दिली असती. बघूनही ठेवलीये त्याने, मला कळलंय. तीस वर्षं या बोटीवर काढली. भिंती हलत नाहीत तिथे मला झोप लागायची नाही. म्हणून खोटं लिहीत गेलो आणि तुझ्या जिवावर बेतलं.

सून – तुमच्याही.

सासरे – संध्याकाळी तो विचारेल, कॉक जाम कसा झाला.

सून – ते तुम्ही सांगा. बुचांचं मी सांगते. तुमच्या शेजारीच बसेन.

सासरे – आणि तो खोलीचं बोलला तर?

सून – तर मी बोलेन. आता हे स्टूल घ्या आणि बसा. एकवीस नंबर काढते. चिंध्या फेकल्या नाहीत मी, त्यातच आहेत. सासूबाई गाठ कशी मारायच्या ते दाखवा.

सासरे – आणि उरलेले चार कॉक?

सून – ते मी फिरवते, आत्ताच. मी फिरवला म्हटलं की कागदावर खूण तुम्ही करायची.