बुढ्याच्या हातची तंबाखू

ऐका बाप्पा. अन् शेकोटीजवळ सरका, मंग म्हनसान बुढ्यानं भेव दाखोलं.

हे आपलं जंगल. आता नॅशनल पार्क झालं. चुनखडीच्या गुहा पाहाले गाड्याच गाड्या येतात. पाचले गेट बंद. काहून? वाघासाठी? हट्! वाघ बिचारा काय करते!

माहा चुलतभाऊ, झितरू कुमरे. बायकोले कळा सुटल्या, पोर आडवं आलं. सुईन डोंगराच्या पल्याड. रस्त्यानं चार कोस, गुहेतून अर्धाच. अंधार पडला होता. सुईनीसाठी टोरीच्या, म्हंजे मोहाच्या बियाच्या, तेलाची शिशी घेतली, टॉर्च घेतला, अन् घुसला ना बे गुहेत!

तोंडाशीच एक बुढा. "बाबू, तंबाखू दे." आपल्यात तंबाखूले कोनी नाही म्हनत नाही. देली. वळन घेतलं, त तोच बुढा पुढं! "बाबू, तंबाखू दे." देली. पाय उचलले. टप टप पानी गळे. तिसरं वळन. तोच! पांढराफटक! आता तंबाखू मागे नाही. बुढ्यानं गुहेच्या भितीवर बोट फिरोलं, बोटावर चुना! तंबाखू चोळली, थापली, हात पुढं. "तुही दोनदा खाल्ली. आता माही खा."

आता सांगा, कोनी देलेली तंबाखू परतवता येते का? येडा झितरू! रीत पाळली. ओठाखाली धरली.

जीभ जड. जबडा जड. पाय उचलेच ना! टॉर्च इझाले लागला. बुढा कानाशी म्हने, "बस नं. घाई कायची? सारे बसलेच हायेत." झितरूनं पाह्यलं. भवताल दगडाचे खांब, अन् सारे उकिडवे बसलेले!

बायको तिकडं मरून राह्यली, अन् हा इथं खांब होऊन राह्यला! चुन्यानं तोंड पोळलं त काय लावतो आपन? तेल! बूच उपटलं, अख्खी शिशी तोंडात ओतली, अन् थुकला बुढ्याच्याच आंगावर. सुटला! पडला, गुडघे फुटले, रांगला, पन पल्याड निंघाला.

सुईनीच्या दारात उभा राह्यला. तोंड उघडलं. आवाजच नाही! सुईन इसरूबाईनं कंदील वर केला, त्याचे पांढरे ओठ पाह्यले. पदर खोचला. "चाल. पन रस्त्यानं."

उजाडता उजाडता पोरगी झाली. मायलेकी वाचल्या, देवाची किरपा.

झितरूची जीभ मातर सुटली नाही. हे सारं त्यानं खानाखुना करूनच सांगतलं. लहानपनी पोरगी इहिरीपाशी गेली की हा नुसत्या टाळ्या वाजवे अन् रडे. आता सोळाची झाली. यमुना नाव तिचं. बापाच्या तोंडून तिनं ते कधी आयकलं नाही.

जवळची वाट हाये, मलेही माहीत हाये. कितीही घाई असो, जाऊ नका लेकाहो.