नुसतं आमेन

मेहुणी: ...आणि टेम्पोवाल्याला मी काय सांगू? तो यायचा टेबल न्यायला, आणि टेबलावर हा काचांचा डोंगर!

भाऊजी: उचलतो. तू हात लावू नकोस. कडा घासलेल्या नाहीत.

मेहुणी: भाऊजी, लोक जेवायच्या टेबलावर ताटं मांडतात. तुम्ही खिडक्या मांडल्यात.

भाऊजी: दुकानात जागा नव्हती.

मेहुणी: दुकानावरूनच आले मी. तिथे फुटबॉल खेळता येईल एवढी जागा आहे.

भाऊजी: असेल.

मेहुणी: असेल काय? दुकान तुमचं की माझं?

भाऊजी: ती खुर्ची सरकव. ही काच भिंतीला टेकवतो.

मेहुणी: सरकवली. आणि जेवता कुठे मग?

भाऊजी: ओट्याशी.

मेहुणी: उभ्याने?

भाऊजी: लवकर होतं.

मेहुणी: घोडे जेवतात तसं! ताईने बघितलं असतं तर...

भाऊजी: ती बघत नाही. बाजूला हो, ही जड आहे.

मेहुणी: झाले. आता खरं सांगा. हे टेबल मला का देताय? माझ्याकडे टेबल आहे.

भाऊजी: तुझं डुगडुगतं. तूच सांगायचीस.

मेहुणी: डुगडुगतं म्हणून पायाखाली पुठ्ठा घातलाय, छान चाललंय. तुम्ही फोनवर म्हणालात, मोठं आहे, एकट्या माणसाला नको. तुमचा तो आवाज ऐकून मला नाही म्हणवेना. पण आता या काचा बघितल्या आणि कळलं. तुम्हाला टेबल द्यायचं नाहीये, घालवायचंय.

भाऊजी: एकच.

मेहुणी: एकच कसं? वाटेत चर्चचे पाळकसाहेब भेटले. म्हणाले, तुमचे भाऊजी रविवारी येतात, मागच्या बाकावर बसतात, गाण्याला उभे राहतात, सगळं व्यवस्थित. पण घरी भेटायला गेलं की दारातूनच बोलतात.

भाऊजी: आत बसायला जागा नाही. काचा आहेत.

मेहुणी: भाऊजी!

भाऊजी: काचा नव्हत्या तेव्हा आले होते. बसले. म्हणाले, आता तुम्ही स्वतः रोजच्या प्रार्थनेची सवय लावून घ्या. वेळ ठरवा, जागा ठरवा, थोडक्यात सुरुवात करा.

मेहुणी: मग? वावगं काय बोलले?

भाऊजी: वावगं नाही. ठरवली. वेळ जेवणाची. जागा ही, माझी खुर्ची. बसलो.

मेहुणी: आणि?

भाऊजी: आमेन म्हटलं. जेवलो.

मेहुणी: अहो, पण त्याच्या आधी काय म्हणालात?

भाऊजी: आधी काही नाही.

मेहुणी: नुसतं आमेन?

भाऊजी: नुसतं. काच बसवलीच नाही आणि चौकटीला पुट्टी लावून मोकळा.

मेहुणी: हसू नये. पण हसू येतंय मला.

भाऊजी: हस. एरवी मलाही आलं असतं.

मेहुणी: प्रभूची प्रार्थना पाठ आहे ना? लहानपणी बक्षीस मिळालंय म्हणे तुम्हाला. ताई कौतुकाने सांगायची.

भाऊजी: पाठ आहे. म्हणून बघितली दोन-चार दिवस. तोंड म्हणत होतं, मी खिडकीच्या काचेतला बुडबुडा बघत होतो. कधी संपली तेही कळलं नाही.

मेहुणी: लग्न झाल्यापासून या टेबलावर प्रार्थनेशिवाय कुणी घास उचलला नाही. आणि तुम्हाला दोन वाक्यं सुचेनात?

भाऊजी: ती म्हणायची. मी आमेन म्हणायचो.

मेहुणी: आयत्या बिळावर नागोबा!

भाऊजी: हो.

मेहुणी: हो काय? भांडा की थोडं! पूर्वी मी एक बोलले की तुम्ही दोन ऐकवायचात. तुम्हाला चिडवण्यात काही रामच उरला नाही.

भाऊजी: आठवतं मला ते. जमत नाही. आणि दुखतही नाही, धाकटे. लोक विचारतात, फार त्रास होत असेल. होत नाही. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो ना, तसं आहे. आपलाच असतो, पण चावला गेला तरी कळत नाही.

मेहुणी: ताईला जाऊन वर्ष होत आलं, भाऊजी.

भाऊजी: होईल.

मेहुणी: मग ताईचीच एखादी प्रार्थना म्हणा. तिच्या शब्दांत.

भाऊजी: तीच तर आठवत नाही.

मेहुणी: कोणती?

भाऊजी: कुठलीच. एक वाक्य आठवत नाही. सूर आठवतो. आधी बारीक, मग मध्ये जरा चढायचा, मग खाली आला की समजायचं, संपत आलं. मी सुरावर आमेन म्हणायचो. शब्दांच्या वेळी माझ्या डोक्यात मापं चाललेली असायची. कुणाची खिडकी, कुणाचा आरसा.

मेहुणी: पालथ्या घड्यावर पाणी.

भाऊजी: हो.

मेहुणी: मला आठवतं थोडंफार. सांगू?

भाऊजी: सांग.

मेहुणी: सगळ्या जगाचं असायचं त्यात. शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण, माझ्या नवऱ्याचा गुडघा. मला वाटायचं, बाई, उरक आता, रस्सा गार होतोय. आणि शेवटी, न चुकता, ‘बापा, यांची बोटं सांभाळ.’

भाऊजी: कुणाची?

मेहुणी: माझी? तुमची! काचा कोण कापतं या घरात?

भाऊजी: रोज म्हणायची?

मेहुणी: मी जेवायला असले की दर वेळी तरी. मी चिडवायचे तिला, अगं, नुसती बोटंच? बाकीच्या भाऊजींचं काय?

भाऊजी: आणि मी आमेन म्हणायचो.

मेहुणी: ठणठणीत.

भाऊजी: मला वाटायचं, मी जपून काम करतो.

(शेवटची काच भिंतीला टेकते.)

मेहुणी: झालं मोकळं. थांबा, फडकं मारते. बसा आता.

भाऊजी: नको.

मेहुणी: बटाटे उकडलेत मी. अंडी आहेत, पाव आहे. टेम्पो येईपर्यंत एकदा माणसासारखं बसून खा. या टेबलावरचं शेवटचं म्हणा हवं तर.

भाऊजी: ओट्याशी खातो.

मेहुणी: बरं, प्रार्थना मी म्हणते. तुम्ही मागून आमेन म्हणा, जसं चालायचं तसं. मग तर झालं?

भाऊजी: तेच नको. कुणी समोर डोळे मिटून बसलं की मला बसवत नाही.

मेहुणी: का?

भाऊजी: हॉस्पिटलात दुपारचा ट्रे आला होता. वाढणारी बाई ठेवून गेली. हिने डोळे मिटले होते. हात असे, चादरीवर, एकावर एक. मी थांबलो.

मेहुणी: कशासाठी थांबलात?

भाऊजी: ती प्रार्थना करतेय असं वाटलं. आदल्या दिवसापासून तिचा आवाज फुटत नव्हता. म्हटलं, मनातल्या मनात म्हणत असेल. मीपण डोळे मिटले. लांबलं जरा. मला वाटलं, आज बरंच मागतेय.

मेहुणी: अहो भाऊजी...

भाऊजी: सूर नव्हता ना. कधी संपलं ते कळायला काही नव्हतं. मग नर्स आली. तिने नाडी बघितली हिची. मला म्हणाली, काका, तुम्ही जरा बाहेर बसा.

मेहुणी: हे तुम्ही कुणाला बोलला नाहीत.

भाऊजी: डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, तुम्ही आधी हाक मारली असती तरी काही फरक पडला नसता.

मेहुणी: मग नसताच पडला. ते कशाला खोटं बोलतील?

भाऊजी: नसेल पडला. तरी पण जेवण समोर आलं आणि कुणी डोळे मिटले, की मी परत तिथे ट्रेसमोर. ओट्याशी तसं होत नाही. ओट्याशी भिंत असते समोर.

मेहुणी: मला रडू येतंय.

भाऊजी: रड. मला येत नाही.

मेहुणी: मी काय बोलायचं ठरवून आले होते, माहितेय? मनापासून बसा, आपोआप सुचेल. ते राहू दे. तसं काही नसतं. मी रोज सकाळी प्रार्थना करते, तर बहुतेक दिवशी मला काही म्हणजे काही वाटत नाही. एक डोळा दुधावर असतो.

भाऊजी: मग करतेस कशाला?

मेहुणी: काय सांगू? आतून वाटलं तरच बोलायचं असं ठरवलं असतं, तर माझ्या नवऱ्याशी मी कधीच अबोला धरला असता. बोलत राहतो आपण. घरातलं माणूस आहे म्हणून.

भाऊजी: तुझ्या ताईला वाटायचं.

मेहुणी: नेहमी नाही. आमची आई गेली, त्यानंतर कितीतरी महिने ताई म्हणायची, शब्द तोंडात भुशासारखे लागतात गं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणायची.

भाऊजी: पण रोज म्हणत तर होती. इथे.

मेहुणी: हो ना. तेव्हा सूर बदलला होता का तिचा?

भाऊजी: नाही. तसाच होता.

मेहुणी: मग बघा.

टेम्पोवाला: टेबल न्यायचंय ते हेच घर ना? दार उघडंच होतं म्हणून आलो आत.

मेहुणी: हेच, हेच. या.

टेम्पोवाला: बाप रे, हे? याचे पाय निघतात का, साहेब? नाहीतर आडवं करून काढावं लागेल. आणि या काचा! हे बघा, माझा पाय लागला तर मला बोलायचं नाही.

भाऊजी: इकडून या. खुर्चीच्या बाजूने.

टेम्पोवाला: उचलायचं मग?

मेहुणी: मला काय विचारता? त्यांना विचारा.

टेम्पोवाला: ठरवा, निवांत ठरवा. गाडी नीट लावलीय, घाई नाही. सकाळपासून लोकांची कपाटं उतरवतोय, पाठीचा भुगा झालाय. वास मात्र झकास सुटलाय इथे.

भाऊजी: जेवला नाहीत?

टेम्पोवाला: आमचं जेवण स्टिअरिंगवर, साहेब. एक हात गियरला, एक हात पावाला.

भाऊजी: बसा.

टेम्पोवाला: इथे? आणि टेबल कसं उचलणार मग?

भाऊजी: आधी जेवू. धाकटे, अजून एक बशी आण.

मेहुणी: आणते. तुमची पण आणते.

टेम्पोवाला: देव भलं करो तुमचं. पण साहेब, तुम्ही बसा ना. पाहुणा बसलेला आणि घरमालक उभा, हे काही बरं दिसत नाही.

भाऊजी: बसतो.

मेहुणी: हे घ्या. बटाटे, अंडी, पाव. मीठ तिकडे सरकवा.

टेम्पोवाला: वा! उचलू ना पाव?

मेहुणी: जरा थांबा हं.

टेम्पोवाला: थांबतो की.

मेहुणी: भाऊजी, माझ्याकडे बघू नका. मी नाही सुरुवात करणार. मी उद्या माझ्या घरी असेन.

टेम्पोवाला: अजून कुणी यायचंय का?

भाऊजी: नाही. आता कुणी यायचं नाही.

टेम्पोवाला: मग कशासाठी थांबलोय आपण?

भाऊजी: आमच्यात जेवणाआधी दोन शब्द बोलतात. तुम्ही डोळे नाही मिटले तरी चालेल. धाकटे, तूही उघडेच ठेव.

मेहुणी: ठेवलेत.

भाऊजी: देवा... मी बोलतोय. ती नाही. मी.